मिळवायचे राहिलेले अडीच तास

१२ मे १९९४, गुरुवार. बहरीन विमानतळ, संध्याकाळ

अम्मा दुपारी गेली. भाईचा फोन ऑफिसात आला, गावच्या पोस्टातून. "तू किती वाजता पोचतोस ते सांग. उन्हाळा आहे, मय्यत फार वेळ ठेवता येणार नाही."

मी तोंडपाठ सांगितलं. दहा वर्षं इथं मनामा शहरात लोकांची तिकिटंच काढतोय. सहाचं विमान, मुंबई पंधराशे मैल, साडेतीन तास. बाहेर पडायला एक. गाडीनं रत्नागिरीजवळच्या गावापर्यंत नऊ. "सकाळी साडेसातला दारात येतो." भाई म्हणाला, "मग आठला जनाजा उचलू."

आत्ता इथं भिंतीवर मुंबईचं घड्याळ दिसलं. अडीच तास पुढं! ते मी मिळवलेच नाहीत. मला पोचायला दहा वाजतील. असा कसा विसरलो? आज सकाळीच एका गिऱ्हाइकाला बजावलं होतं, "तिकडे अडीच तास पुढं असतात, घरी नीट वेळ कळवा."

तीनदा फोन लावला. नुसती घंटी वाजते. तिकडे पावणेआठ झालेत, पोस्ट कधीच बंद. गावात दुसरा फोन नाही. या अल्लाह, कुणाला सांगू?

दहा म्हणालो असतो तर भाई दहापर्यंत थांबला असता. अडीच तास.

विमानात बसायला बोलावतायत. सकाळी आठला मी चिपळूणजवळ असेन. लोक विचारतील, अस्लमसाठी जरा थांबायचं का? आणि भाई म्हणेल, नको, वेळ त्यानंच दिली होती.