पांढऱ्या थराखालचं भात

३ मार्च, कर्जत
दिनेशचा फोन. माझ्या भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या बॅचचा, मागच्या बाकावर पेंगणारा. आता मोहोपाड्याकडे शेती नि दुधाचा धंदा. विहीर रुंद करतोय. "मॅडम, तुमचं जिप्सम लय निघतंय. बघायला या ना."

माझं जिप्सम! सहा वर्षांपूर्वी विहीर खणताना पिशवीतून ढेकळं घेऊन आला होता. नखाने ओरखडा उठला, आत काचेसारख्या सुया. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात जिप्समसारखं खनिज! हुरळून गेले. त्याची आई त्या पांढऱ्या मातीला घाबरून पाणी प्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, निसर्गाचंच आहे, खुशाल प्या. जागेवर गेलेच नाही. गुडघा, पाऊस, काय काय कारणं.

७ मार्च
जाऊन आले. शिडीने खाली उतरले. दिनेश वरून, "सावकाश मॅडम, गुडघा हाय ना तुमचा!"

वर हातभर माती, मग कंबरेएवढा पांढरा थर, खाली काळी चिकणमाती. थराची खालची कड सपाट. फारच सपाट. हातोडीच्या टोकाने उकरलं तर भाताचे बुडखे. विळ्याने कापलेले, अजून उभे. शेजारी खताच्या प्लॅस्टिक गोणीचा तुकडा.

खालचं ते जुनं. पहिल्याच तासाला शिकवायचे मी हे. म्हणजे भात कापलं गेलं, आणि मग कुणीतरी वर हे ओतलं. जिप्सम खरंच आहे, पण कुठल्या तरी कारखान्याचा कचरा म्हणून निघालेलं, त्यात काय काय मिसळलंय कुणास ठाऊक. सुया नंतर पाण्यात वाढल्या. ते पाणी हे लोक सहा वर्षं माझ्या शब्दावर पितायत.

पोरं टेबलावरच्या दगडावरून उत्तर द्यायची तेव्हा केवढी ओरडायचे, जागेवर जाऊन बघा म्हणून.

दिनेशला म्हटलं, ऊन लागलं, निघते. बाटलीत पाणी तेवढं घेतलं. भित्री कुठली.

८ मार्च
फोन केला. "जमीन घेतली तेव्हा भराव होता का रे?"
"भराव तर व्हता. बाबा बोललेले, सपाट मिळतेय, बरंच हाय. का ओ मॅडम?"
सहज, म्हटलं. पुन्हा तेच.

१० मार्च
पाणी तपासायला दिलं. दहा दिवस लागतील. तोवर थांबावं, पुराव्याशिवाय बोलू नये, वगैरे. सहा वर्षांपूर्वी कुठला पुरावा होता गं तुझ्याकडे? त्यांचं पाणी बंद व्हायला हवं, आज.
हे लिहितेय आणि फोन समोर पडलाय.

१२ मार्च
गेले एकदाची. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.
दिनेश गोठ्यात. आई तांब्या घेऊन आली. "उन्हाच्या आल्याव, आदी पानी घ्या." विहिरीचंच. गोड मानून रोज पिणाऱ्या बाईला नको कसं म्हणू? प्यायले.
मग सांगितलं. भराव, बुडखे, माझी चूक. आजपासून पिऊ नका, स्वयंपाकालाही नको, रिपोर्ट येऊ दे. दिनेश हातातल्या बादलीकडे बघत राहिला. "म्हंजे मॅडम, सा वर्सं आमी..." गुरांचं काय, एवढंच विचारलं नंतर.
रागावला असता तर बरं झालं असतं.
आईने माझ्यासमोरचा तांब्या उचलला. "आवं बाय, तुमाला ठाव व्हतं, मंग तुमी कशाला प्यालाव?"