टाकीतला आवाज

मंगळवार
इतिहासात नोंद व्हावी — आज माझ्या पायपुसण्याला देशोधडीला लावण्यात आलं! वादळ येणार म्हणून खालच्या भाऊजींनी जिन्याखाली पेट्रोलचे कॅन रचले, ते थेट माझ्या पायरीपर्यंत. विचारलं तर म्हणे, "वहिनी, संकट काय सांगून येतं?" हे तर सांगूनच येतंय! रेडिओ दुसरं बोलत नाही.

बुधवार
पंपावर फर्मान — कॅनमध्ये पेट्रोल नाही, फक्त गाडीत. म्हणून भाऊजी मोटार भरून आणतात, तोंडाने नळी ओढून कॅनमध्ये रिकामी करतात आणि घोटभर पेट्रोलावर पुन्हा रांगेत. थुंकतात, हसतात. भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. कोपऱ्यावर पाण्याच्या बाटलीतून दुपटीने. बाटलीवर अजून 'शुद्ध' लिहिलेलं!

"दादांची मोटरसायकल आहे की. तीही भरून ठेवा," म्हणाले.

नको. त्यात ह्यांनी भरलेलं आहे.

हे गेले त्याच्या आदल्या दिवशी पंपावर जाऊन आले होते. जन्मभर एकच धास्ती — गाडी रिझर्व्हला लागता कामा नये. "एवढी काळजी माझी केली असतीत तर!" म्हणायची मी. एकदाच फसले. नवीन लग्न, मला सिनेमाला नेत होते, गाडी भर रस्त्यात बंद. भाऊजींनी बाटलीभर दिलं. परत घेईनात — "असू द्या हो, दादा!" ह्यांना ती बाटली शेवटपर्यंत टोचत राहिली.

आता रोज खालचं अंगण झाडताना गाडीला कमरेने धक्का देते. टाकीत डुचमळतं. तेवढंच.

गुरुवार
वारा. दिवे नाहीत. खिडक्यांशी दिवसभर भांडले, हरले.

शुक्रवार
खाली पाणी शिरलं. कॅन शाळा सुटल्यासारखे तरंगत गल्लीबाहेर गेले. हसणार होते. मग पाहिलं, ह्यांची मोटरसायकल ओट्यावर चढवलेली. कॅन सोडून भाऊजींनी आधी तिला हात घातला होता.

शनिवार
पाणी ओसरलं. पंप कोरडे. कोपऱ्यावर आता तिप्पट भाव, आणि बाटली एकही नाही. भाऊजींची मोटार वरच्या रस्त्यावर होती म्हणून वाचली — पण ठणठणीत रिकामी. स्वतःच ओढून काढलेली!

आणि भाऊजींच्या लेकीचा फोन, जिन्यापर्यंत ऐकू आला. दिवस भरलेले, पुलापलीकडच्या शाळेत आसरा घेतलेला. "बाबा, कळा सुरू झाल्यात." अँब्युलन्सवाले म्हणे, नंबर लागेल तेव्हा येऊ.

भाऊजी ओट्याशी उभे. गाडीकडे न बघता भिंतीकडे बघत.
"काय झालं?"
"काही नाही वहिनी. असाच."

मी नळी पुढे केली. "ओढा."
"अहो, पण हे दादांचं—"
"ओढा म्हणते ना! का मी ओढू?"

धार कॅनमध्ये पडायला लागली. मी आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

सोमवार
भाऊजींना नात झाली. दोघी सुखरूप.

भाऊजी भरलेला कॅन घेऊन दारात. कुठून मिळवला देव जाणे. घेतला नाही. म्हटलं, "ती सिनेमाची बाटली फिटली. ह्यांना सांगते."

सांगायला ओट्यावर गेले. सवयीने धक्का दिला.

गाडी गप्प.