ताईच्या चढासाठी सायकल

३ सप्टेंबर, बुधवार

सांगाडा मिळाला! सायकल दुरुस्तीवाल्याच्या पत्र्यावर उलटा पडला होता. ना चाकं, ना हँडल, ना सीट. नुसत्या नळ्या, त्याही गंजलेल्या. पण पोलादी आहे आणि मधली दांडी खाली वाकवलेली, म्हणजे ताईला ऑपरेशन झालेला गुडघा फारसा उचलावा लागणार नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "न्या, माझी गळती तरी थांबेल." त्याच्या छपराची गळती आणि या सांगाड्याचा संबंध काय, ते विचारलं नाही.

खांद्यावर घालून घरी आणला. बायको दारातच उभी. "सायकल आणायला गेला होतात ना?"

"ही सायकलच आहे."

"मग मी पण अजून नवरीच आहे."

भाच्याने, म्हणजे ताईच्या मुलाने, घातलेली अट इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' व्हायला नको. ताईने अठ्ठाविसाव्या तारखेला, त्याच्या डोळ्यांदेखत, एकटीने खाली बाजारात जायचं आणि आठवड्याचं सामान घेऊन वर यायचं. जमलं तर तिने चढावरच्या आपल्या घरात राहावं, तो विषय काढणार नाही. नाही जमलं तर घर विकायच्या कागदांवर तीस तारखेला सही, आणि त्याच्याबरोबर त्याच्या शहरात. वरपर्यंत जाणारी बस बंद होऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून ताईचं सामान मीच पोचवतो, आणि वर पोचलो की पहिली दहा मिनिटं तीच मला पाणी देत असते.

पंचवीस दिवस. वर्तमानपत्रात आम्ही एवढ्यात पंचवीस अंक काढायचो. एक सायकल काय चीज आहे!

५ सप्टेंबर, शुक्रवार

चढ मोजला. गवंड्याची पाणसळ, एक फूटपट्टी आणि मी. तिसऱ्या वळणावर सहा फुटांना एक फूट चढ भरतो. लोक थांबून बघत होते. एकाने विचारलं, "रस्ता रुंद होणारे का?" दुसरा म्हणाला, "छे, पाइपलाइन." मी दोघांनाही हो म्हणालो.

मग बाजारातले वायंडिंगवाले. जन्मभर पंपांच्या आणि पंख्यांच्या मोटारी गुंडाळत आलेला माणूस. त्यांच्या दृष्टीने जगातल्या सगळ्या गोष्टी हा कुठला तरी पंपच. आकडे ऐकले, डोळे मिटले. "दुकानात मिळते ती अडीचशे वॅटची बसवाल, तर बाईंना खाली उतरून सायकलला वर न्यावं लागेल. दीड हजार घ्या. मागच्या चाकात बसणारी. तीन मजले पाणी चढवेल."

"पाणी नाही, बहीण चढवायचीय."

"तेच ते."

८ सप्टेंबर, सोमवार

मोटार आली. एवढासा खोका, वजन मात्र भरल्या घागरीइतकं. तिच्याभोवती चाक विणायचं, छत्तीस तारा. सकाळी नऊला बसलो, दुपारी दोनला पस्तीस बसल्या. छत्तीसावी कुठेच बसेना. म्हणजे दुसरीच चुकली होती. सगळं सोडलं. पुन्हा विणलं.

ताईचा फोन. "काय रे, झाली का?"

"ताई, चाक चाललंय."

"म्हणजे एक चाक? पाच दिवसांत?"

"तू कधी विणलंयस का चाक?"

"मी तुला वाढवलंय. त्यापुढे चाक काय!" मग म्हणाली, "आणि हे बघ, काळा रंग नको. म्हातारीची सायकल वाटेल."

"मग कोणता?"

"लाल. पण ओरडणारा नको, बोलणारा."

९ सप्टेंबर

बोलणारा लाल कोणत्याही दुकानात नाही. विटकरी घेतला.

११ सप्टेंबर, गुरुवार

वेल्डरकडे. हा माणूस दिवसाला बारा शब्द बोलत असावा. मोटारीत इतका जोर की चाकाचा मधला दांडाच खाचेतून गरकन फिरून बाहेर येऊ शकतो, विजेच्या तारा तोडून. म्हणून दांडा धरून ठेवायला सांगाड्यावर एक पोलादी पट्टी लागते. मी कागदावर काढून नेली होती, मापांसकट, खाली टीपही दिली होती. त्याने कागद उलटा धरून पाहिला.

"कुणासाठी?"

"मोठ्या बहिणीसाठी."

"वय?"

"अडुसष्ट."

त्याने एक पट्टी जोडली. मग न सांगता दुसऱ्या बाजूलाही जोडली. मी आभार मानले तर म्हणाला, "ब्रेक चांगले लावा." आजचे शब्द संपले त्याचे.

ब्रेक दोन्ही चाकांना डिस्कचे घेतलेत. चढ म्हणजे परतीच्या बाजूने उतारच की!

१३ सप्टेंबर, शनिवार

रंग वाळतोय. बायकोने कपडे वाळत घालायला माझ्याकडे परवानगी मागितली. स्वतःच्या गॅलरीत! आवाजात जी नम्रता होती तिची भीती वाटली.

बॅटरी तयारच आणली, बावन्न व्होल्टची. ती घरी जोडायचा मोह होता. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही इस्त्रीचा प्लग बदललात तेव्हा शेजाऱ्यांची वीज गेली होती." मोह आवरला.

१७ सप्टेंबर, बुधवार

विजेच्या सगळ्या तारा जोडल्या. मोटारीकडून तीन जाड आणि तीन पातळ येतात, मोटारीला वीज मोजून देणाऱ्या डबीकडून, म्हणजे कंट्रोलरकडून, तशाच तीन-तीन. पिवळीला पिवळी, हिरवीला हिरवी, निळीला निळी. इतकं सुबक काम की फोटो काढला. चाक स्टँडवर हवेत. बायकोला बोलावलं. हँडलची मूठ हळूच पिळली.

फिरलं! एकदम मऊ, आवाज नाही, थरथर नाही. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

बायको कपड्यांची बादली कमरेवर घेऊन थोडा वेळ बघत राहिली. "उलटं फिरतंय."

उलटंच फिरत होतं.

वायंडिंगवाल्यांना फोन. आधी ते पोटभर हसले. "रंग बघून जोडलंत ना? अहो साहेब, मोटार एकाची, कंट्रोलर दुसऱ्याचा. ज्याच्या घरी जी वायर पडली होती ती त्याने लावली. रंगाला काय अर्थ आहे?"

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरात एकसारखेपणा आणत आलो. पहिल्या परिच्छेदात 'जिल्हाधिकारी' तर शेवटपर्यंत 'जिल्हाधिकारी'. मला वाटलं, पिवळी ती पिवळीच. इथे तसं नाही! उपाय असा: पातळ तारांपैकी दोन अदलाबदल करायच्या, मग जाड तीन सहा प्रकारे जोडून बघायच्या. त्यातला एकच बरोबर. एकेक प्रकार वहीत लिहिला, खूण केली. पहिल्याला चाकाने गुरगुर केली. दुसऱ्याला लाथ झाडली. तिसऱ्याला हललंच नाही. चौथ्याला पुन्हा लाथ. पाचव्याला सुळकन पुढे!

आता पिवळीला निळी जोडलेली आहे. बघवत नाही. वरून टेप गुंडाळली.

२० सप्टेंबर, शनिवार

पडलो.

क्रमाने लिहितो. सपाट रस्त्यावर उत्तम चालली. मग जोम आला. सामानाच्या ऐवजी वाळूची पिशवी मागे बांधली आणि सरळ चढाला लागलो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर मूठ पूर्ण पिळली आणि पुढचं चाक उठलं! मोटार मागे, बॅटरी मागे, वाळू मागे, मी मागे. पुढे फक्त घंटी. क्षणभर मला आकाशच दिसत होतं, मग रस्ता.

ताई वर फाटकापाशी उभी होती. धावत येईल असं वाटलं. तिथूनच ओरडली, "पुन्हा कर! मी चष्मा लावला नव्हता!"

मग आली खाली, काठी टेकत टेकत. कोपर धुतलं, बँडेज लावलं. लहानपणी लावायची तितकंच घट्ट.

"दहा दिवस राहिले," म्हणाली.

"आठ."

"मग बसलायस काय?"

२१ सप्टेंबर

हात सुजलाय. डाव्या हाताने लिहिलंय हे. वाचता येणार नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बॅटरी पुढे नेली. हँडलच्या पुढे वेल्डरने चौकट करून दिली, त्यात पेटी. (आजचे शब्द: "मला वाटलंच होतं." मग आधी का नाही बोललास, बाबा!) चढ पावणेतीन मिनिटांत. वाळूसकट. पुढचं चाक जमिनीला चिकटून.

दुपारी ताईला बसवलं. अकरा वर्षांनी सायकलवर. सपाटीला, शाळेच्या मैदानात. मी मागून सीट धरली.

"सोड."

"सोडतो. आधी पॅडल मार, मग मूठ हळू..."

"पंचावन्न वर्षांपूर्वी तुला मी शिकवली. तू भिंतीवर घातली होतीस. सोड."

सोडली. पहिल्या फेरीला दात आवळलेले. दुसऱ्या फेरीला ओरडली, "अरे, हे मला ढकलतंय!" तिसऱ्या फेरीला मला ओलांडून गेली आणि घंटी वाजवली. विनाकारण. मग पाच फेऱ्या थांबेचना.

२५ सप्टेंबर, गुरुवार

एवढ्या जोराची सायकल कायद्याला सायकल वाटत नाही, म्हणून वाहन कार्यालयात. ताईकडे स्कूटरचा परवाना आहेच. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. "कंपनी?"

"घरगुती."

"मॉडेल?"

मला सुचेपर्यंत ताईच मागून म्हणाली, "ताई. लिहा, ताई."

बाईंनी वर बघितलं नाही. लिहिलं. तात्पुरता नंबर मिळाला. शिवाय हेल्मेट. ताईने हेल्मेट आरशासमोर वीस मिनिटं निवडलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

भाच्याचा फोन. रविवारी सकाळी पोचतोय. आवाज सरळ नव्हता.

"मामा, तू तिला मुद्दाम चढवतोयस."

"अट तुझी होती."

"मला वाटलं होतं, जमणार नाही हे तिला कळेल. तू पंधराशे वॅटची मोटार आणशील असं वाटलं नव्हतं." मग म्हणाला, "तुझं काय! तू चढाखाली राहतोस. रोज दिसते तुला. काही झालं तर मला गाडी पकडून आठ तास लागतात. ते आठ तास कसे जातात ते मलाच माहीत. गुडघ्याच्या वेळी गेले होते."

मी म्हणालो, "रविवारी बघू." फोन ठेवला आणि ब्रेक पुन्हा एकदा तपासले.

२८ सप्टेंबर, रविवार

दहा वाजता ताई निघाली. विटकरी सायकल, पांढरं हेल्मेट, मागे दोन रिकाम्या पिशव्या. भाचा आणि मी फाटकापाशी. फोन करायचा नाही असं ठरलं होतं, ताईनेच घातलेली पोटअट.

अंदाज एक तासाचा. अकरा वाजले. सव्वाअकरा. भाचा फाटकाची कडी उघडतोय, लावतोय. अकरा पंचवीसला आम्हाला ती खाली पहिल्या वळणावर दिसली. लाल ठिपका. दुसऱ्या वळणावरही दिसली. मग झाडं. तिसऱ्यावर दिसायला हवी होती.

दिसली नाही.

एक मिनिट. तीन मिनिटं. मी मनातल्या मनात एकेक जोड तपासत होतो: पट्ट्या, ब्रेक, तारा. भाच्याने काहीच तपासलं नाही. चपला तिथेच टाकल्या आणि धावत सुटला, अनवाणी, बेचाळीस वर्षांचा माणूस. मी मागून, कोपर धरून.

तिसऱ्या वळणाच्या जरा खाली, झाडांआड, ताई कठड्यावर बसली होती. सायकल स्टँडवर. हातात सफरचंद, अर्धं खाल्लेलं.

"मोटार गरम झाली, बंद पडली," म्हणाली. "हा तुझा मामाच म्हणाला होता, थांब म्हणजे सुरू होईल. थांबले. तुम्ही का धावताय?"

भाच्याने पिशव्यांना हात घातला.

"हात लावू नकोस! अट मोडेल."

सफरचंद संपवलं. हेल्मेटचा पट्टा लावला. मूठ पिळली. सायकल चालू झाली आणि ती वर गेली, वळण घेऊन, घंटी वाजवत. भाचा तिच्या मागून धावत होता, हात पुढे करून, सीट न धरता.

वर पोचल्यावर तो पायरीवर बसला. तळपायाला रक्त आलं होतं. ताई कापूस घेऊन आली.

"जिंकलीस, आई," तो म्हणाला. ती त्याच्या तळपायात काटा शोधत होती.

मी मात्र खाली येईपर्यंत शीळ घालत होतो. बायको म्हणाली, "अंक निघाला वाटतं वेळेवर!"

२९ सप्टेंबर

काही नाही. सगळी हत्यारं पुसून जागेवर ठेवली. एक पाना गॅलरीतच राहू दिला, मोटारीला वारा लागेल अशी जाळी बसवायची आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

ताईने घराच्या कागदांवर सही केली.

सकाळी फोन आला, आवाज नेहमीचाच. "हरले असते तर नसते गेले, बघ. कितीही ओढलं असतं तरी. पण त्याचे पाय पाहिलेस का तू?"

पाहिले होते. नीट नाही.

पाना हातातच होता. शेवटी विचारलं, "मग सायकल?"

"सायकल येणार माझ्याबरोबर. तिकडे सगळं सपाट आहे म्हणतो तो. एकदा कळू दे तरी, पळते किती!"