पलंग क्रमांक सातचं हिरवं पाकीट

मी, जियान यू-फन, वय वर्षे छप्पन्न, अविवाहित, राहणार जूपेई, सहावा मजला, व्यवसाय नोकरी, हे सर्व स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मूत्रपिंडं नाहीत, पण त्यांचा मृत्युपत्राशी संबंध येत नाही असं वकीलबाईंनी सांगितलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी दाखवलंच तर ते खोटं समजावं.

कलम १. कारण. मूत्रपिंडांचा आजार आमच्या घरात वडिलांकडून आला, मला आणि माझ्या धाकट्या भावाला. भाऊ आठ वर्षांपूर्वी गेला. त्याची मुलगी वान-थिंग, वय चोवीस, हिलाही तोच आजार आहे, अजून सुरुवात आहे. तिला संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळते आहे, पंधरा तारखेच्या आत उत्तर द्यायचं आहे, आणि पोरगी घाबरून नाही म्हणायला निघाली आहे. "गूगू, मला तुझ्यासारखं लपतछपत जगायचं नाही," असं ती आपल्या या आत्याला म्हणाली. मी त्यावर चिडले, कारण ते खरं होतं.

कलम २. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि शेअर हे सर्व वान-थिंगला मिळावं. मात्र तिने वरील नोकरी घेतली आणि किमान पाच वर्षं टिकवली, तरच. नाहीतर सर्व काही विकून मी जिथे डायलिसिसला जाते त्या रक्त गाळण्याच्या केंद्राला द्यावं.

कलम ३. पाण्याची शुद्धता मोजायचं माझं छोटं यंत्र आणि अकरा वह्याही तिलाच. यांना अट नाही. मी वीस वर्षं चिप धुवायचं पाणी बनवलं, इतकं शुद्ध की ते प्यायचं नसतं. आणि मला स्वतःला दिवसाला साडेतीन पेले पाणी, तेही मोजून. देवाला विनोद कळतो, एवढंच म्हणते. मापाचा तो काचेचा पेला ओट्यावर उजवीकडे आहे. वान-थिंग, तो तुला कधी लागू नये. पण लागला तर फार घाबरू नकोस. साडेतीन पेल्यांत माणूस नोकरी करतो, भांडतो, गाणी म्हणतो, दोनदा प्रेमातही पडतो.

कलम ४. आईच्या हातच्या मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याची बरणी भावजयीला. आम्हा हाक्का लोकांचं जेवण म्हणजे मीठ आणि वर थोडं मीठ, त्यामुळे मी पंधरा वर्षं त्या बरणीचा फक्त वास घेतला आहे. भावजय म्हणते, "पोरीला ग्रंथालयात चिकटवू, बसून काम, जिवाला त्रास नाही." वहिनी, तुझी काळजी मला कळते, तू एकाला पोचवून बसली आहेस. पण बसून राहिल्याने मूत्रपिंडं सुधारत नाहीत. लोणचं जपून खा, रक्तदाब तुलाही आहे.

कलम ५. माझे माजी मॅनेजर फंग यांना काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवते, म्हणजे त्यांना वाचता येईल.

आमच्या कारखान्यात प्रत्येक मशिनवर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात, म्हणजे मशिन शहाण्यासारखं वागतं. पाकीट हिरवंच हवं, मुदत संपलेली नको, आणि त्यावर मशिनचं नाव घालून दोन शब्द लिहायचे. पाकिटं बदलायचं काम माझ्याकडे होतं. आजारपण मी चार वर्षं लपवलं होतं. कारखान्याच्या त्या पांढऱ्या पोशाखात डोळ्यांशिवाय काही दिसत नाही. एका मंगळवारी मी दोन पाकिटं लिहिली, एक पंपासाठी, एक केंद्रातल्या माझ्या मशिनसाठी, आणि घाईत अदलाबदल केली. केंद्रातल्या मशिनला आज्ञा मिळाली की दाब कमी पडू देऊ नकोस. आणि कारखान्यातल्या पंपावर फंगसाहेबांनी वाचलं: "पलंग क्रमांक सातच्या बाई, मंगळवार, गुरुवार, शनिवार माझं रक्त नीट गाळ. तुझीच, यू-फन."

पुढच्या सोमवारी माझं टेबल शिकवणीच्या खोलीत गेलं होतं. "तुझ्या भल्यासाठी," एवढंच फंगसाहेब म्हणाले. पाण्याच्या कामावरून मला उठवलं आणि मला विचारलंसुद्धा नाही. तिथे मी अकरा वर्षं पोरं घडवली, चांगली घडवली, पण ती खोली मी मागितली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी साखरेने फंगसाहेबांचीही मूत्रपिंडं गेली. आले ते थेट पलंग क्रमांक आठवर. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "यू-फन, इथे हिरवी पाकिटं कुठे मिळतात?" गुरुवारी मी दोन घेऊन गेले.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. तरी मला हवे होते. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून फंगसाहेबांइतका लायक माणूस दुसरा नव्हता. परवा, गुरुवारी, त्यांना कलम पाचपर्यंतचे हे कागद वाचायला दिले. दोघांच्याही एका हातात सुया होत्या, पानं मी उलटत होते.

कलम पाच वाचून ते हसले. मग म्हणाले, "मागचं पान दाखव." कलम दोन त्यांनी दोनदा वाचलं.

"अकरा वर्षं माझ्या नावाने बोटं मोडलीस. माझा गुन्हा काय होता गं?"

"मला न विचारता माझं भलं केलंत."

"आणि हे काय आहे?"

"यात फरक आहे."

"आहे ना. मी तुला नुसती खोली दिली होती. तू अख्खं घर देते आहेस."

मशिनची घंटा वाजली म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही. शुक्रवारचा पूर्ण दिवस उत्तर शोधलं. मग पेन उचललं.

दुरुस्तीची नोंद. कलम दोनमधली शेवटची दोन वाक्यं, 'मात्र' पासून 'द्यावं' पर्यंत, मी स्वतः खोडली आहेत. घर वान-थिंगचं. नोकरी घेतली तरी, न घेतली तरी. खाली वेगळी सही केली आहे.

कलम पाचमध्ये बदल नाही. फंगसाहेब साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देता येत नाही. त्यांच्या मशिनवरचं पाकीट पुढच्या महिन्यात मुदत संपणारं होतं, म्हणून नवं मी आजच हातोहात दिलं आहे. त्यावर काय लिहिलं ते आमच्या दोघांतलं आहे.

वान-थिंग, हे वाचायला तू माझ्या मरणाची वाट बघू नयेस म्हणून एक प्रत आजच पाठवते आहे. उद्या रविवार आहे, माझा हात मोकळा असतो. जेवायला ये. पथ्य म्हणून भाजी दोनदा उकळलेली असेल, चव नसेल. मी तुला एकदाच विचारणार आहे की तुला काय हवं आहे, आणि तू सांगेपर्यंत मध्ये बोलणार नाही. हे मला फार जड जाणार आहे, तेव्हा लवकर सांग.

सही: जियान यू-फन
दुरुस्तीसाठी सही: जियान यू-फन

साक्षीदार:
१. फंग ते-शेंग, पलंग क्रमांक आठ (काही मिळालं नाही, तक्रार नाही)
२. छ्यू मेई-लान, परिचारिका (सुया टोचण्यापूर्वी माझ्यासमोर सही केली)

ठिकाण: जूपेई, शिन्चू
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार