ओल्या चुन्यातला पंजा

३ मार्च, रविवार

आलो एकदाचा! बेगम बाजारच्या मागच्या गल्लीत, मिरचीच्या ठसक्यानं शिंकत शिंकत, खांद्यावर बॅग. घर बघितलं आणि तोंड उघडंच राहिलं. अख्खं विटांचं. आजच्या जाड विटा नाहीत, पातळ, चहात बुडवायच्या बिस्किटासारख्या, आणि मधे बोटभर चुना. सिमेंटचा कण नाही. कमानीतल्या विटा वरपर्यंत अशा तिरक्या फिरत गेल्यात की बघताना मान अवघडली. मालक एकनाथराव म्हणाले, दोन हात जाड भिंत आहे, मे महिन्यातही पंखा लागत नाही.

काम सोपं. हेरिटेजवाले पाहणीला येणार, म्हणून अंगणातल्या भिंतीला नवा गिलावा चाललाय. तो वाळेपर्यंत रोज पाणी मारायचं, म्हणजे तराई. राहणं-जेवण त्यांचंच. डिलिव्हरी सोडली, त्याआधी चष्म्याचं दुकान, त्याआधी आयटीआय. रोशनी म्हणाली, हे तरी टिकव दादा. तारनाक्याला होस्टेलवर असते. लहान बहीण, पण बोलणं आईसारखं.

५ मार्च

गिलावा झाला. चुना, वाळू, गूळ, बेलफळाचं पाणी. वास असा की चाटावंसं वाटतं.

मालकीणबाई कुसुमताई म्हणाल्या, या घराची रीत आहे: तराई करणाऱ्यानं ओल्या चुन्यात पंजा उमटवायचा. गिलावा न दिलेल्या भागात भिंतीवर जुने पंजे आहेतच, एकाखाली एक. येणारे लोक म्हणे कमानी सोडून त्यांचेच फोटो काढतात. मी जरा बिचकलो. पप्पांना अंबरपेठेत फोन लावला. पप्पा मग म्हणाले, तुझ्या आज्याला असल्या घराच्या ओट्यावर टेकू दिलं नसतं. ठेव हात, चांगला दाबून ठेव.

दाबून ठेवला. फोटो पाठवला, पप्पांनी सगळ्या नातेवाइकांना फिरवला.

९ मार्च

काल तराई राहिली. शेजारच्या गच्चीवर कबुतरं उडवत होते, तिकडेच रमलो. आज बघतो तर माझ्या पंजाच्या अंगठ्यातून भिंतीला चीर. संध्याकाळी माझाही अंगठा फुटला, त्याच जागी. रक्त नाही. लाल भुकटी.

चुन्यानं हात भाजतो, असेल तसंच. कुसुमताईंनी खोबरेल लावलं. अंगठ्याला नाही. भिंतीला.

११ मार्च

चीर बुजवली, तसा अंगठाही बुजला. पांढरा, गुळगुळीत. टिचकी मारली की खणखणतो.

हे जुने पंजे कुणाचे, विचारलं. कुसुमताईंनी प्रत्येकाचं नाव सांगितलं, मायेनं, मुलांची सांगावीत तसं. मग ते कुठं असतात आता? इथंच की, म्हणाल्या. जुन्या विटा नुसत्या पाण्यानं थोड्याच धरतात बाळा, आणि नवा माल घातला तर हेरिटेज कसलं?

हसल्या. मीही हसलो.

१२ मार्च

पळालो. बॅग तिथंच टाकली. अंबरपेठची बस पकडली. बाजूची बाई म्हणाली, कैसा हाथ है रे बाबू, मिट्टी गिर रई ना. बघितलं. करंगळी नव्हती. मांडीवर नुसता लाल ढीग.

चादरघाटला उतरलो, उलटी बस धरली.

एकनाथराव दारात बादली घेऊन उभे. आलास? भिंत सुकत होती, एवढंच म्हणाले. मी पाणी मारलं. गार वाटलं, मला, आतपर्यंत.

१५ मार्च

उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. पेन मुठीत उभं धरून—

कुसुमताई भरवतात. वरण-भात कालवता कालवता म्हणाल्या, सुटका आहे रे. रक्ताच्या माणसानं त्याच भिंतीवर पंजा ठेवला की आधीचा मोकळा. त्या पंजांमधला गौतम सुटला तसाच. बहीण आली होती, त्रिवेणी. गौतम आता करीमनगरला असतो. फोन मात्र करत नाही.

मग पदरानं माझं तोंड पुसलं आणि विचारलं, तुझी बहीण काय करते रे?

नंबर दिला नाही. मेलो तरी देणार नाही.

१६ मार्च

पप्पांनी दिला. मोठ्या घरातून फोन आला म्हणून खूश आहेत.

१७ मार्च, रविवार

रोशनी आली. मला बघून डोळे भरले तिचे. मी म्हटलं, हात नको ठेवू, जा इथून, आत्ता जा. सगळं सांगितलं, बस, करंगळी, गौतम. तिनं डोळे पुसले, म्हणाली, कामावरून पळायचं म्हणून काय काय रचतोस रे दादा. चुन्यानं भाजलंय, उद्या दवाखान्यात नेते. तोवर तुझं काम मी करते.

अंगणात गेली. चुना कालवलेला तयारच होता.

अजून एकदा ओरडायला हवं. घसा सुकलाय— नाही. खोटं कशाला लिहू. घसा चांगला आहे.

कुसुमताई तिच्या बाह्या वर करून देताहेत. दोघी कशावर तरी हसल्या.

रोशनीनं खालून विचारलं, दादा, कुठं ठेवू? तुझ्या बाजूला ठेवू का?

मी खिडकीत आहे. ती माझ्याकडेच बघतेय, हात वर धरून. मान हलवली मी. आडवी हलवणार होतो, पण

बोटं मिटली. पेन नीट धरता येतंय. अक्षर बघ किती छान— ती खाली ओरडतेय, दादा, हात निघत नाही, दा