लक्ष्मीबाईंचं मत

सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

सगळ्यांनी मिळून बनवायच्या मोफत संगणक-प्रणालीत पडद्यावरची मराठी बटणं कशी असावीत, यावर आज वाचनालयात बैठक घेतली. नवशिक्यांसाठी बटणांवर नुसती चित्रं ठेवायची, शब्द काढायचे, असं स्वयंसेवकांचं म्हणणं. मलाही पटलं. माझ्या साक्षरता वर्गातल्या लक्ष्मीबाई पडद्यावरच्या 'जतन करा' या बटणावर बोट ठेवून म्हणाल्या, "बाई, अक्षरं ऱ्हाऊ द्या की. आत्ता कुटं वाचाया लागलीय मी!"

"मध्ये बोलू नका," मी म्हटलं.

नवशिक्या त्याच ना? मग विचारायचं कुणाला? ते बोट अक्षरांवर तसंच होतं, तरी मी मतं मागितली. शब्द काढण्याच्या बाजूने पहिला हात लक्ष्मीबाईंचा वर गेला. माझ्याकडे बघत. बाई म्हणतील तेच बरोबर, हेही मीच शिकवलंय.