बातम्यांनंतरचं स्टेशन

२८ सप्टेंबर १९६५

लोणचं! माह्या नातवाचा पत्ता नाही आन् आकाशवाणीवरची बाई सांगून राहिली — लिंबं फडक्यानं कोरडी पुसा. कोणाच्या घशाखाली उतरून राहिलं लोणचं?

देवमननं पलटणीच्या पहिल्या पगारातून घेतला हा रेडिओ. आता तो सकाळपासून बंदच होत नाही. भजनं, बाजारभाव, बायांचं लोणचं, मंग सांजच्याले संत्र्याच्या बागेले सल्ला. मोर्शीवाले ऐकतीन, आमच्या अकोल्याच्या गल्लीत कोणती बाग? देवमनची बायको इंदू म्हणते, "आजी, बंद करा ना." म्हटलं, राहू दे. बातम्या याच्यातूनच येतात.

लढाई थांबली म्हणते. थांबली, तर पोट्टा कुठं आहे? पलटणीनं कळवलं — बेपत्ता. बस.

३० सप्टेंबर

पंजाबराव आला. भिंतीपलीकडचा. लढाईपासून दंडावर पट्टी बांधून फिरते, ब्लॅकआउटच्या रात्री कोणाच्या घरचा दिवा दिसते ते पाहाले. म्हणे, "मावशी, दहा तारखेच्या इतवारी विहारात शोकसभा घेऊ. वस्तीतला पहिला शहीद!" डोळे असे चमकत होते, जसं याचंच लग्न आहे.

"माती पाह्यली काय रे तू त्याची?"

माहा श्रावण — देवमनचा बाप — बसला खाली पाहून. कचेरीतला चपराशी. घरीही साहेबासमोर असल्यासारखाच बसते.

पंजाबराव उठता उठता इंदूच्या हाताकडे पाहून म्हणे, "सूनबाईनं आतापासून सवय केली तर जड जात नाही." धम्म घेतला, पण बाईच्या हातातल्या बांगड्यांवरची नजर काही सुटली नाही मेल्याची!

२ ऑक्टोबर

इंदूनं बांगड्या उतरवल्या.

४ ऑक्टोबर

बातम्या संपल्या. श्रावणनं काटा हळूच सरकवला. खरखर, खरखर — मंग एक माणूस उर्दूत बोलाले लागला. पलीकडच्या मुलखाचं स्टेशन. धरलेल्या शिपायांची नावं वाचते. नाव, बापाचं नाव, जिल्हा.

"माय, पंजाबराव म्हणते, हे ऐकणाऱ्याले आत टाकतात. माही नोकरी तर गेलीच."

"मंग काहून लावलं?"

"राहवत नाही वं."

रेडिओवर गोधडी टाकली. तिघांनी आत डोकी घातली. वैऱ्याच्या तोंडाकडे कान लावून बसलो.

नाव आलं नाही.

५ ऑक्टोबर

नाही.

७ ऑक्टोबर

शाळेतल्या हजेरीसारखं वाचते. पंजाबची पोरं, मद्रासची पोरं. कोणाच्या कोणाच्या माया ऐकत असतीन! एकेका नावाले इंदूची मान हलते — नाही. नाही.

मधीच भिंतीपलीकडे पंजाबराव खोकलला. भिंतीले अगदी चिकटून.

९ ऑक्टोबर

"देवमन, वल्द श्रावण, जिला अकोला."

इंदूनं गोधडीचा बोळा तोंडात कोंबला. श्रावण काटा सोडून मागं सरकला. मीच काटा नागपूरवर आणला. तिथं कोणीतरी निवांत तबला वाजवत होतं.

जिता आहे पोट्टा! आन् सांगता कोणालेच येत नाही. श्रावण म्हणे, सरकारी कागद येईस्तोवर मुकं राहायचं. उद्या शोकसभेतही जाऊन बसायचं, नाही तर संशय येते. इंदूनं मान हलवली. ह्या वेळेस — हो.

१० ऑक्टोबर

विहारात सतरंज्या. देवमनच्या फोटोले हार. जित्या पोराले हार! मी दात दाबून बसली.

इंदू मागून आली. बाजारात मीठ आणाले गेली होती म्हणे. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले! कोऱ्या, कोपरापर्यंत. तोंड मुकं ठेवलं पोरीनं, हात ठेवता आले नाहीत. बसताना वाजल्या तशा साऱ्या बाया वळल्या.

पंजाबरावचं भाषण मधीच थांबलं. लय गोड आवाजात म्हणे, "सूनबाई, खबर कुठून आली? रेडिओ तर आमीही ऐकतो. आमच्या रेडिओनं नाही सांगतलं."

इंदूनं हात पदरात घेतले. श्रावण पांढरा पडला. मी इंदूचा दंड धरला आन् तिले उठवून घरी आणलं.

११ ऑक्टोबर

गल्लीच्या तोंडाशी पंजाबराव, संगं पोलिसातला जमादार. श्रावणले सांगतलं — तुले काही माहीत नाही, तू कचेरीतून थकून येते आन् झोपते. इंदूले सांगतलं — तू चुलीपाशी बस. काटा मी फिरवला, नाव मी ऐकलं. दार मीच उघडीन, जबाब मीच देईन. दुसऱ्या कोणी तोंड उघडाचं नाही.